पद भरलेले आहे

राघोत्तमरावांना सेक्रेटरिएटला चिकटून एकोणतीस वर्षं झाली होती, आणि त्यातली बावीस त्यांनी दुसऱ्याच्या तोंडी घालायची उत्तरं लिहिण्यात घालवली होती. मद्रासच्या किल्ल्यात आरोग्य खात्याची एक लांबट खोली होती, तिच्यात मागच्या खिडकीपाशी त्यांचं टेबल. विधानसभेचं अधिवेशन लागलं की आमदारांचे प्रश्न या टेबलावर येऊन पडायचे. अमक्या गावच्या दवाखान्यात औषधं आहेत का, तमक्या तालुक्यात देवीची लस पोचली का, इस्पितळाचं छप्पर गळतं हे मंत्रिमहोदयांना ठाऊक आहे का. आता मंत्रिमहोदयांना ते कुठून ठाऊक असणार? ते राघोत्तमरावांना ठाऊक असायचं, आणि राघोत्तमरावांना तरी काय, जिल्ह्याचा वैद्यकीय अधिकारी कळवील तेवढंच.

या कामाची एक रीत असते. प्रश्नाला अ, ब, क, ड असे भाग असतात. 'अ'चं उत्तर 'नाही' असं देता आलं की बाकीचे जागच्या जागी मरतात. त्यांच्यापुढे 'प्रश्न उद्भवत नाही' एवढं लिहायचं आणि पुढचा कागद ओढायचा. इस्पितळात खाट नाही असं कधी लिहायचं नाही, 'खाटांचा प्रस्ताव विचाराधीन आहे' असं लिहायचं. खोटं लिहायचं नाही हे मात्र पक्कं. खोटं पकडलं जातं. खरंच लिहायचं, पण असं लिहायचं की ऐकणाऱ्याच्या हाती काही लागू नये. राघोत्तमरावांनी ही विद्या कितीतरी नव्या पोरांना शिकवली होती, आणि आता पंचावन्नाव्या वर्षी, पेन्शनला एक वर्ष उरलेलं असताना, त्यांना तिचा मनापासून कंटाळा आला होता.

त्यांचं खरं नाव झालं होतं ते उपप्रश्नांसाठी. मंत्र्यांनी छापील उत्तर वाचलं की आमदार उठून आयत्या वेळी आणखी काही विचारतात. ते काय विचारतील हे आधीच ओळखून उत्तरासकट एक टिपण मंत्र्यांच्या फायलीत ठेवावं लागतं. राघोत्तमराव हे असं ओळखायचे की सेक्शनचे सुपरिंटेंडेंट नारायणस्वामी म्हणायचे, "राव, तुम्ही त्या आमदाराच्या पोटात जाऊन बसता काय?"

अठ्ठावन्न सालच्या ऑगस्टात अरसमंगलमच्या आमदारांचा प्रश्न आला. अरसमंगलम हे तंजावरकडचं तालुक्याचं गाव. (अ) तिथल्या सरकारी इस्पितळात स्त्री-डॉक्टरचं पद रिक्त आहे हे खरं काय? (ब) असल्यास किती महिने? (क) ते केव्हा भरणार? जिल्ह्याहून एका ओळीचं उत्तर आलं: पद भरलेले आहे. राघोत्तमरावांनी लिहिलं: (अ) नाही, पद भरलेले आहे. (ब) आणि (क) प्रश्न उद्भवत नाही. मग टिपणात पहिला उपप्रश्न लिहिला: 'डॉक्टर प्रत्यक्ष तिथे कामावर आहे काय?'

हा उपप्रश्न दुसऱ्या कुणाला सुचला नसता. पद भरलेलं असणं आणि माणूस खुर्चीत असणं यांत किती अंतर असतं हे त्यांच्याइतकं त्या इमारतीत कुणाला ठाऊक होतं? एरवी अशा वेळी ते जिल्ह्याला तार करायचे. पण त्या दिवशी बेचाळीस प्रश्न टेबलावर होते, डोकं सकाळपासून ठणकत होतं आणि पंखा बंद होता. पद भरलंय म्हणजे बाई तिथं असणारच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि त्यापुढे 'होय' असा एक शब्द लिहून टाकला.

दोन दिवसांनी सभागृहात आमदार उठले आणि त्यांनी नेमकं तेच विचारलं. मंत्र्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, होय. आमदार खाली बसले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. नारायणस्वामींनी कॉफी पाजली, आणि राघोत्तमरावांना, खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

आता घरची गोष्ट. राघोत्तमराव एग्मोर स्टेशनच्या मागे दोन खोल्यांच्या भाड्याच्या पोर्शनमध्ये राहायचे. घरात ते आणि अन्नपूर्णाबाई. बोलणं तंजावरचं जुनं मराठी, त्यात हवं तिथं तमिळ. एकुलती लेक वसंता तंजावरकडेच दिलेली. अरसमंगलमपासून सहा मैलांवर एक खेडं होतं, तिथं जावई उमाकांत शाळामास्तर. वसंताला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिली मुलगी तुळसी एग्मोरच्या मोठ्या इस्पितळात झाली, तेव्हा दीड दिवस कळा देऊन शेवटी चिमटे लावावे लागले होते.

सप्टेंबरात विहीणबाईंचं, सईबाईंचं, पत्र आलं. सईबाईंना इंग्रजी येत नव्हतं, तमिळ बोलता यायचं पण वाचता यायचं नाही. त्यांच्या वडिलांनी त्यांना मोडी शिकवली होती, आणि दोन्ही घरांची पत्रं मोडीत चालायची. त्यांनी लिहिलं होतं, पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दुसरं सासरी व्हावं ही आपली रीत. पण मागच्या खेपेस पोरीचे हाल झाले. अरसमंगलमच्या इस्पितळात डॉक्टरीण आहे असं कुणी म्हणतं, कुणी नाही म्हणतं. आपण त्याच खात्यात आहां. आपण सांगाल तसं करूं.

"तिला एथंच आणा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मागल्या वेळी काय झालं तें मी डोळ्यांनी बघिटलें. रीत राहूं द्या बाजूला."

"तिथं डॉक्टरीण आहे," राघोत्तमराव म्हणाले. "सभेत सांगिटलेंय. पेपरांत आलंय."

"सभेत तुम्हीच लिहून दिलेलं सांगतात ना?"

"मग? मी काय खोटं लिहितों?"

अन्नपूर्णाबाई उठून चुलीपाशी गेल्या. बावीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत धूळ टाकणाऱ्या माणसानं ती मूठ आपल्याच डोळ्यांत टाकून घ्यावी, याला काय म्हणावं? आणि त्यात थोडी सोयही होती, तीही सांगून टाकायला हवी. दोन खोल्यांत बाळंतीण, तान्हं मूल, तीन वर्षांची तुळसी, भेटायला येणारी माणसं, आणि त्यातून ऑफिसला जायचं, हे सगळं डोळ्यांपुढे आल्यावर राघोत्तमराव दमून गेले होते. त्यांनी त्याच संध्याकाळी मोडीत उत्तर लिहिलं: डॉक्टरीण आहे, मजपाशी सरकारी माहिती आहे, निश्चिंत असावें. उमाकांत सायकलवरून जाऊन बघून येतो म्हणत होता. पण प्रत्यक्ष किल्ल्यातून पत्र आल्यावर सायकल कशाला काढायची?

नोव्हेंबरात तिकडे धो धो पाऊस लागला होता. वसंताला पहाटे कळा सुरू झाल्या. घर झोपलेलं होतं, दुखणं खरं का खोटं याची तिलाच खात्री नव्हती, म्हणून दोन तास ती दात आवळून पडून राहिली. मग बैलगाडी, सहा मैल चिखल. इस्पितळात पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले. तिथे एक कंपाउंडर आणि एक आया. मोठे डॉक्टर कॉलऱ्याच्या सुया टोचायला खेड्यांत गेलेले. आया म्हणाली, डॉक्टरअम्मा नाहीत. नाहीत म्हणजे कुठे आहेत, हे विचारायला वेळ होता कुणाला? उमाकांतनं भाड्याची मोटार शोधली, आणि तिथून अकरा मैल कुंभकोणम. संध्याकाळी मुलगा झाला. तो रडला नाही.

वसंता वाचली. बाराव्या दिवशी सईबाई शेजारणीपाशी बोलत होत्या ते तिनं आतून ऐकलं. डॉक्टरीण होती, तिच्या बापानं स्वतः लिहिलंय, पत्र आहे माझ्यापाशी. पोरीनं पहाटे तोंड उघडलं असतं तर जेवणवेळेच्या आधी पोचली असती. दुपारी दोनला कोण बसून राहील? घरी गेली असेल जेवायला. सईबाई काही दुष्ट नव्हत्या. नातू गेला होता, कुठेतरी दोष ठेवायला जागा हवी होती, आणि पत्र फडताळात होतंच. उमाकांत आईलाही काही बोलला नाही आणि बायकोलाही नाही.

डिसेंबरात वसंता तुळसीला घेऊन एग्मोरला उतरली. राघोत्तमराव फलाटावर गेले होते. पोरीचा चेहरा पाहून त्यांना सामान कुठल्या हातात घ्यावं ते सुचेना. चार दिवसांनी जेवताना ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अप्पा, मी दोन तास आधी सांगिटलें असतें तर ती बाई भेटली असती, नाही?"

सगळ्या जिल्ह्यांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं ज्यांच्यापाशी, ते राघोत्तमराव ताकाची वाटी हातात धरून बसून राहिले. आपण चौकशी केली नव्हती हे त्यांना त्याच वेळी आठवलं होतं. एक तार केली असती तर खरं काय ते कळलं असतं. पण त्यांनी ती डिसेंबरात केली नाही, जानेवारीत नाही आणि फेब्रुवारीतही नाही. त्यांना भीती वाटत होती, दुसरं काही नाही. लेक समोर वाळत होती आणि बाप भीत होता.

मार्चात अंदाजपत्रकाचं अधिवेशन लागलं, आणि एका सकाळी टपालात अरसमंगलमच्या त्याच आमदारांचा प्रश्न आला. (अ) तिथल्या स्त्री-डॉक्टरचं पद भरलेलं आहे काय? (ब) नोव्हेंबर महिन्यात एका बाळंतिणीला उपचार न मिळता परत जावं लागलं, हे खरं काय? (क) तिचं मूल दगावलं, हे खरं काय? (ड) याला जबाबदार कोण? बाईचं नाव नव्हतं. आमदारांना कुणी गावकऱ्यानं सांगितलं असणार. राघोत्तमरावांनी कागद वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला, आणि खाली व्हरांड्यात जाऊन पाणी प्यायले.

मग त्यांनी तार केली. जिल्ह्याचं नेहमीचं उत्तर आधी आलं: पद भरलेले आहे, अशी कोणतीही तक्रार आलेली नाही. तारेचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: स्त्री-डॉक्टर नऊ जूनपासून डिसेंबरअखेर जिल्ह्याच्या ठिकाणी अन्य कामावर. म्हणजे ऑगस्टात, राघोत्तमरावांनी 'होय' लिहिलं तेव्हा, त्या खुर्चीला दोन महिने कुणी शिवलेलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी कॉफीच्या वेळी त्यांनी वसंताला ते सांगितलं. ती तुळसीची वेणी घालत होती. तिचे हात थांबले.

"तुम्ही माझं मन राखायला म्हणता."

"नाही. कागद आहे."

"मग आधी तुम्हाला कोण सांगिटलें, आहे म्हणून?"

"कागदांतच होतं," राघोत्तमराव म्हणाले. कुणाच्या कागदात ते त्यांनी सांगितलं नाही. तोंडाशी आलेलं त्यांनी कॉफीबरोबर गिळलं. "ऐक. सरकारपाशी तक्रार आली नाही म्हणजे काही घडलंच नाही, असा नियम आहे. तुझी तक्रार पाहिजे. दोन ओळी लिही, सही कर. मी टपालांत टाकतों. तिला नंबर पडला की ती कुणाला नाही म्हणतां येणार नाही."

"तुमच्या पेन्शनीला काही होईल," अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "सरकारी माणसानं सरकारावर? हात दाखवून अवलक्षण."

"तक्रार तिची आहे. माझी नाही."

वसंतानं दोन ओळी लिहिल्या. शाळेत गिरवलेलं तिचं इंग्रजी अक्षर वळणदार होतं. मुलाविषयी लिहिताना तिनं 'मुलगा' लिहिलं आणि पुढं त्याचं वजन लिहिलं, साडेसहा पौंड. ते कुणी विचारलं नव्हतं. राघोत्तमरावांनी ते तसंच राहू दिलं.

तक्रारीला नंबर पडला. राघोत्तमरावांनी उत्तराचा मसुदा केला: (ब) होय, तशी एक तक्रार आलेली आहे. नारायणस्वामींनी तो वाचला, तक्रारीवरचा एग्मोरचा पत्ता वाचला, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसला. ते राघोत्तमरावांहून सात वर्षांनी लहान, त्यांच्याच हाताखाली तयार झालेले.

"राव," ते हळू म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

"कुणालाच माहीत नाही."

"पण हे असं वर जाणार नाही. जिल्ह्याच्या अहवालाची तारीख अकरा. तक्रार आली चौदाला. 'अहवालाच्या तारखेपर्यंत तक्रार आलेली नाही.' हे खरं आहे की नाही?" ते जरा थांबले. "हे तुम्हीच मला शिकवलंत."

आपलेच दात, आपलेच ओठ. राघोत्तमरावांनी एवढंच विचारलं, "उपप्रश्नांचं टिपण माझं मला लिहू द्याल?" नारायणस्वामी म्हणाले, ते मी कधी वाचतो? राघोत्तमरावांनी टिपण लिहिलं. त्यानंतर तक्रार आली काय? होय, एक. त्या दिवशी डॉक्टर हजर होती काय? नाही. कधीपासून नव्हती? नऊ जूनपासून. ऑगस्टात सभागृहाला दिलेली माहिती बरोबर होती काय? नाही. इतकं उघडंनागडं टिपण त्यांनी आयुष्यात लिहिलं नव्हतं. आता कुणीतरी विचारायचं फक्त बाकी होतं.

प्रश्नोत्तराच्या तासाला ते अधिकाऱ्यांच्या बाकावर मागे बसले. सभागृह त्याच किल्ल्यात, दोन व्हरांडे ओलांडून. आधी तांदळाच्या भावावर वीस मिनिटं गेली. मग कुणाच्या तरी गावच्या पुलावर दहा. अरसमंगलमचा नंबर लागला तेव्हा घड्याळात सहा मिनिटं उरली होती. मंत्र्यांनी वाचलं: पद भरलेले आहे. अहवालाच्या तारखेपर्यंत तक्रार आलेली नाही. क आणि ड, प्रश्न उद्भवत नाही.

आमदार उठले. म्हातारा, खादीचा सदरा, हातात चिठ्ठी. राघोत्तमराव बाकावर पुढे सरकले. विचारा, ते मनात म्हणत होते, 'त्यानंतर' एवढा एक शब्द विचारा. आमदारांनी खाकरून विचारलं, अरसमंगलमचं इस्पितळ वीस खाटांचं आहे, ते चाळीस खाटांचं करण्याचा सरकारचा विचार आहे काय? मंत्र्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, विचाराधीन आहे. पलीकडचे दुसरे आमदार उठले, आमच्याही तालुक्याला एक्स-रे यंत्र मिळेल काय? त्यांच्या मागोमाग तिसरे. बाळंतिणीचं नाव कुणी काढलं नाही. त्यांनाही प्रत्येकाला आपापला मतदारसंघ होता. घंटा वाजली. मंत्र्यांनी फाइल मिटली, आणि ते टिपण न उघडता परत सेक्शनमध्ये आलं.

घरी वसंतानं दारातच विचारलं, "काय झालं?"

"विचारिलं नाही कुणी," राघोत्तमराव म्हणाले. ती "सरी", बरं, एवढंच म्हणाली आणि आत जाऊन तांदूळ निवडायला बसली. त्यांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

तीन आठवडे गेले. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण नंबर पडलेला कागद मरत नाही, हेही खरं. त्याचं उत्तर तक्रारदाराला जावंच लागतं. एका दुपारी वसंताची तक्रार निकाली काढण्यासाठी राघोत्तमरावांच्याच टेबलावर आली. अशा उत्तराचा साचा ठरलेला असतो: आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली असून संबंधितांना सूचना देण्यात आल्या आहेत. डोळे मिटून लिहिता येण्यासारखं. राघोत्तमरावांनी कागद घेतला आणि तारेचं उत्तर शेजारी ठेवलं. त्यांनी लिहिलं: आपण इस्पितळात आलात त्या दिवशी तेथे स्त्री-डॉक्टर नव्हती. ती नऊ जूनपासून अन्यत्र कामावर होती. आपण त्या दिवशी कितीही लवकर आला असतात, तरी ती भेटली नसती.

नारायणस्वामींनी मसुदा दोनदा वाचला. "राव, ही तुमची भाषा नाही," ते म्हणाले.

"नाही."

"असिस्टंट सेक्रेटरींनी वाचलं तर?"

"तर नाही जाणार."

नारायणस्वामींनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मला आज नीट दिसत नाहीये," म्हणाले, आणि कोपऱ्यात सही केली. असिस्टंट सेक्रेटरींपुढे त्या संध्याकाळी साठेक कागद होते. ते फोनवर कुणाशी तरी आपल्या बदलीविषयी बोलत होते, आणि शिपाई एकेक कागद त्यांच्या हाताखाली सरकवत होता. अरसमंगलमचा कागद सरकला, सही झाली, पुढचा आला.

शनिवारी अर्धा दिवस. राघोत्तमराव जेवून बसले होते तेव्हा पोस्टमन आला. वसंतानं पाकीट उघडलं. तिनं पत्र उभ्यानंच वाचलं, मग भिंतीला टेकून खाली बसून पुन्हा वाचलं. शेवटच्या ओळीवर तिनं बोट ठेवलं होतं.

"अप्पा. हें तुम्ही लिहिलंत?"

"सही असिस्टंट सेक्रेटरींची आहे."

"अप्पा."

"होय. मी."

तिनं ओळीवरचं बोट उचललं. मग म्हणाली, "ऑगस्टात मंत्री 'होय' म्हणाले, पेपरांत आलं होतं, तें?"

आता गिळायला कॉफीही नव्हती. "तेंही मीच," राघोत्तमराव म्हणाले. "विचारायला पाहिजे होतं. तार करायला पाहिजे होती. डोकं दुखत होतं, कामं पडली होती, मी लिहून टाकिलं. आणि मग तेंच खरं धरून तुझ्या सासूबाईंना कळवलं." अन्नपूर्णाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या, लेकीकडे बघत होत्या.

वसंतानं पत्राची नीट घडी केली. तिला माफ करायचं होतं की नाही, हे त्या घटकेला तिलाही ठाऊक नसावं.

"सासूबाईंना इंग्लिश येत नाही," ती म्हणाली. "मोडींत करून द्या."

राघोत्तमरावांनी दौत आणि बोरू काढला. ती शेजारी येऊन बसली. तीन वाक्यं मोडीत उतरायला कितीसा वेळ लागतो? डॉक्टरीण नव्हती. जूनपासून नव्हती. लवकर आली असती तरी भेटली नसती. सरकारचं पत्र तिथं संपलं होतं. वसंता उठली नाही. तिला मोडी वाचता येत नव्हती, तरी ती कागदाकडे बघत राहिली. राघोत्तमरावांनी बोरू पुन्हा दौतीत बुडवला आणि आणखी चार ओळी लिहिल्या, आणि खाली स्वतःचं नाव घातलं. बावीस वर्षांत त्यांनी लिहिलेल्या एकाही उत्तराखाली त्यांचं नाव आलं नव्हतं.

"काय लिहिलंत? वाचा."

त्यांनी वाचलं. "डॉक्टरीण आहे असें मी आपणांस सप्टेंबरांत कळविलें. तें मी चौकशी न करतां लिहिलें होतें. वसंतेस उशीर झाला नव्हता. चूक माझी आहे."

वसंतानं गुडघ्यांवर हनुवटी टेकली होती.

"परत वाचा," ती म्हणाली.